जन्माआधी ठेवलेले नाव

मी, अनुपमा रावजी सकपाळ, वय ५८, मूळ राहणार उमरठजवळची वाडी, ता. पोलादपूर, सध्या महाडच्या एका रुग्णालयातील काचेच्या खोलीत, अंगात ताप असला तरी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. दडपण आणायला आत कोणी येतच नाही.

माझा धंदा लसींचे आराखडे करण्याचा. वटवाघळांतला विषाणू उद्या माणसात शिरायचा झाला, तर त्याच्या अंगावरचे काटे कसे बदलतील ते संगणकाकडून काढून घ्यायचे, आणि रोग येण्याआधीच ते काटे शरीराला ओळखायला लावणारी लस आखायची. अशा एका न जन्मलेल्या विषाणूचे नाव मी कौतुकाने आवडी ठेवले. आई, बनुबाई, तेव्हा होती. म्हणाली, "जल्माच्या आदी नाव ठेवू नाय गो. नाव आयकून येतंय." मी हसले होते.

१. पुण्यातले माझे साहेब राजेश यांना माझा चष्मा द्यावा. उंदरांवर लस लागू पडली, तेव्हा "नसलेल्या रोगाला लस कशाला?" म्हणून त्यांनी काम बंद केले. आता तरी त्यांना नीट दिसावे.

२. धाकटा भाऊ किशोर यास घर व भातखाचरे. माझ्या हिश्श्यातली वटवाघळांची घळ मात्र नाही. "ताई, घळ साफ केली की आंबेनळी घाट चढायच्या आधी फिरायला आलेली गिऱ्हाईकं इथंच थांबतील," म्हणत त्याने माझ्या माघारी वाडीतला गडी सदू याला आत उतरवले. सदू तापाने गेला. मी उशाशी होते. दाराकडे बघून तो म्हणाला, "आवडी आली. तिला बसाय द्या." प्रयोगशाळेबाहेर ते नाव फक्त आईला ठाऊक होते, आणि तिने ते पुन्हा कधी तोंडातून काढले नाही. सदूच्या नमुन्यातला विषाणू माझ्या आराखड्याशी काट्याला काटा जुळला. मी तो योगायोग मानते. माझ्या शिक्षणाला तेच शोभते. किशोरवरचा राग मात्र मी बरोबर नेणार आहे.

३. घळ माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणारी भाची श्रुतिका हिला. कुंपण घालावे, वटवाघळांना मोकळे राहू द्यावे, माणसाला आत सोडू नये.

४. आवडीच्या लशीचा आराखडा सर्वांचा. ज्याला करता येईल त्याने करावी. माझे रक्त तपासणीस द्यावे. देह वाडीवर नेऊ नये.

५. संगणकाने आवडीच्या पुढचाही एक विषाणू काढून ठेवला आहे. श्रुतिकाने काल काचेपलीकडून विचारले, "आत्या, याला काय म्हणायचं?" बाळा, त्याची लस कर, सगळी कामे सोडून कर. नाव मात्र ठेवू नकोस. मनातसुद्धा नको. मला भीती वाटते आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र.

ठिकाण : महाड
दिनांक : ९ सप्टेंबर २०२५
(सही) अनुपमा रावजी सकपाळ

साक्षीदार : लिहून देणार यांनी काचेपलीकडे, आमच्या नजरेसमोर सही केली. त्या वेळी खोलीत त्या एकट्याच होत्या.

(सही) डॉ. सारिका कदम
(सही) मुरारी उतेकर, रा. उमरठ

तळटीप : साक्षीदारांचे शेवटचे वाक्य मुरारी यांनी सहीआधी खोडले. म्हणाले, "उशाशी बसलीय ती कोन मग? खोटं नाय लिवनार."

खोडाखोड मला मान्य आहे.
(सही) अ. रा. सकपाळ