मागच्या अंगणातली गुढी

१५ जानेवारी १९५६

ठण्… ठण् ठण्. पहाटे याच आवाजाने जागा झालो. मी शिकवायचो त्या मिरजेच्या शाळेची घंटा. घंटा कसली, रेल्वेच्या रुळाचा तुकडा, लिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला. शिपाई तो लाकडी मोगरीने बडवायचा आणि तिसरीची चाळीस पोरे एका सुरात कविता धरायची. शेवटच्या बाकावरची नेहमी अर्धा चरण मागे. उठून बसलो तर कुठले काय. दाल बाजाराकडे निघालेल्या गाडीची खडखड. ग्वाल्हेर.

काल संक्रांत. तिळगुळाची वाटी घेऊन दिवेलागणीनंतरही बाहेरच्या खोलीत बसून होतो. जयेंद्रगंजातल्या या गल्लीत निम्मी घरे मराठी. कोणी आले नाही. मी वयाने मोठा, त्यात नवा. न बोलावता दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहणे काही बरे नाही.

लेक कुमुद शाळेत शिकवून आली, दोन वड्या तोंडात टाकल्या, खोलीत गेली. दार लावून घेतले. ही सवय विलायतेतली. बाहेरच्या दारालाही दिवसभर कडी. म्हणते, "नाना, तिकडे आधी विचारल्याशिवाय कोणी कोणाकडे येत नाही."

म्हटले, इथे विचारून तरी कोण येतंय.

हसली. पुष्कळ दिवसांनी.

२ फेब्रुवारी

थंडी हाडात शिरते. मिरजेची थंडी म्हणजे याच्यापुढे नुसती गंमत.

दिवाळीच्या पाडव्याला इथे सामान उतरवले, त्याला तिसरा महिना सरत आला. कु. दोन वर्षे लीड्सला राहून, शिकवण्याचे शास्त्र शिकून आली. इथे ज्या मुली पुढे शिक्षिका होणार त्यांना ती शिकवते. मुली हिंदीत विचारतात, ही इंग्रजीत विचार करते आणि मराठीत थकते. काल म्हणाली, मैत्रिणी म्हणाव्या अशा कोणी नाहीत, सगळ्याजणी पाहुणी असल्यासारखं वागवतात. "तिकडेही पाहुणीच होते, नाना. मला वाटलं, परत आल्यावर संपेल."

पन्नास वर्षे एका गावात काढलेला मी माणूस, मीही इथे पाहुणाच.

कुंकू लावत नाही. सवय मोडली म्हणते. हातात बांगडी नाही, फक्त घड्याळ.

समोर मान्यांचे घर. कोणे काळी दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले शिलेदार, आता मुलगा बँकेत. त्याच्या आईला सारी गल्ली काकीसाहेब म्हणते. संध्याकाळी पानाचा डबा घेऊन ओट्यावर बसतात. माझी नजर गेली की पदर सारखा करून खाली बघतात. सरदारी तोरा. असो.

१२ एप्रिल, पाडवा

कळकाच्या काठीसाठी दोन तास वणवण. मिळाली. पण पुढच्या बाजूला विजेच्या तारा अगदी खिडकीशी. कु. म्हणाली, नाना, शॉक बसेल. मग मागच्या अंगणात उभारली. चार भिंतींच्या आत, आकाश तेवढे वर. कु.ने स्टूल धरले, कडुलिंब बांधला. गाठ मारताना म्हणाली, "आईची ती जरीची चोळी असायची गुढीला."

म्हटले, मिरजेला राहिली.

गुढी छान दिसत होती. पाहायला आम्ही दोघे आणि शेजारची मांजर.

रात्री नाही, आत्ताच लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा टाळीन. कु.ची आई गेली तेव्हा कु. लीड्सला होती. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला दोन महिने. तार केली असती तर पोर सगळे टाकून निघाली असती, किंवा निघता आले नसते म्हणून तिथेच झुरली असती. मी तार केली नाही. दर आठवड्याला पत्र लिहीत राहिलो आणि प्रत्येक पत्राखाली "आईचा आशीर्वाद". आठ पत्रे. परीक्षा झाल्यावर नववे लिहिले.

ती परतली तेव्हा सगळे उरकलेले. दिवस, वर्ष, सगळे. तिने त्याविषयी मला एक शब्द विचारलेला नाही.

२० मे

लू सुटली, आगीसारखा वारा. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. सरकारी कचेऱ्या रिवाजाप्रमाणे पेट्या बांधून इंदूरला गेल्या. सहा महिने राजधानी तिकडे, सहा महिने इकडे. शहर कसे सुट्टीतल्या शाळेसारखे.

टांगा गेला की कान देतो. एका टांग्याच्या घोड्याचा पाय अधू असावा. आखूड, लांब, लांब. आखूड, लांब, लांब. चक्क भुजंगप्रयात. कु. लहान होती तेव्हा नदीवर जाताना आम्ही याच चालीवर पावले टाकायचो. चुकले की पुन्हा वडापासून सुरुवात. आज तिला हाक मारली, अगं ऐक. ती दार उघडून येईतो टांगा लांब गेला.

एक चरण मात्र सुचला. *कधी येशि दारी, कधी जाशि दूरी.* पुढचा येत नाही.

९ सप्टेंबर

काल गणपती बसले. आमच्या कुळाचा गणपती एकच, मिरजेला पुतण्या भाऊकडे. दुसरा बसवायचा नाही अशी रीत. त्यामुळे इथे कोनाडा रिकामा.

समोरून आरती ऐकू आली. शब्द आपलेच, चाल थोडी वेगळी, हिंदीच्या अंगाने ओढलेली. बंद दाराच्या आत उभा राहून मीही टाळ्या वाजवल्या. हलक्या, बाहेर ऐकू जाणार नाहीत अशा.

प्रसाद गल्लीत घरोघर गेला. आमचे दार सोडून.

३० सप्टेंबर

काळी टोपी कडेने उसवली. टोपी बाजारात गेलो. दुकानदार तिसऱ्या पिढीचा मराठी, बोलणे असे: "आप दक्षिणी ना? या, बसा. टोपी बघून घ्या, पण सांगून ठेवतो मास्टरजी, आता हा धंदा खतम. राज्य नवं बनून राहिलंय, राजधानी चालली भोपाळला. साहेब लोक गेले की टोपी घालणार कोण? आपण दोघं."

म्हटले, मग स्वस्त करा.

"राजधानी गेली म्हणून डोकी थोडीच लहान झाली," म्हणाला.

हसलो. पण मनात भोपाळ अडकला. टोपी न घेताच परतलो.

कु.च्या खात्यातूनही कागद आला आहे. भोपाळच्या नव्या कचेरीत मोठी जागा, किंवा इथेच शाळेत आहे तसे. पंधरा नोव्हेंबरच्या आत कळवायचे. भोपाळला घरे मिळत नाहीत, एकट्या बाईला वसतिगृहात खोली. म्हणजे ती गेली तर मी मिरजेला. भाऊच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत. तो चांगला आहे. सून चांगली आहे. पण तिथे मी पाहुणा नव्हतो, आता होईन.

कु. म्हणते, अजून ठरवलं नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा

इथे आपट्याऐवजी शमीची पाने सोने म्हणून देतात. तीही आणली. ताटात पाने, बाजूला पेढे. घरातला वडीलधारा म्हणून सोने घ्यायला बसलो. आज कु.ही माझ्याजवळ बसली, निळी साडी नेसून. मला वाटते तिलाही कोणी यायला हवे होते.

खिडकीतून दिसत होते. माणसे या दारातून त्या दारात. पाया पडणे, हसणे. दिवे लागल्यावर काकीसाहेब ओट्यावरून उतरल्या, हातात पाने, सरळ आमच्याकडे निघाल्या. मी उपरणे सारखे केले. गल्लीच्या मध्यावर आल्या, आमच्या बंद दाराकडे पाहत थांबल्या, आणि परत फिरल्या.

कु.ने पाहिले. पेढ्यांवर ताट झाकले. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मी भोपाळला हो म्हणते, नाना. इथे आपलं कोण आहे?"

१७ ऑक्टोबर

सकाळी तिने होकाराचे पाकीट दिले, फिरायला जाल तेव्हा पेटीत टाका. घेतले. पेटीपाशी गेलो. तांबडी पेटी, उघडे तोंड. कोटाच्या खिशातून हात बाहेरच येईना. देवळाला दोन फेऱ्या मारून आलो.

संध्याकाळी: "टाकलंत ना?"

"हो."

चाळीस वर्षे पोरांना खरे बोला म्हणून शिकवले.

२४ ऑक्टोबर

पाकीट खिशातच. घामाने कोपरा नरम पडला. फक्त दिवाळी होऊ दे, असे मनाला सांगतो. एक दिवाळी तिच्याबरोबर. मग टाकीन.

तेव्हाही असेच म्हणालो होतो. फक्त परीक्षा होऊ दे.

३१ ऑक्टोबर

सांगितले. ती चकल्या तळत होती. पाकीट ओट्यावर ठेवले आणि म्हटले, मी टाकले नाही.

तिने झारा खाली ठेवला. पाकीट उलटसुलट केले. ओरडली असती तर बरे वाटले असते. म्हणाली, "आईच्या वेळीसुद्धा तुम्हीच ठरवलंत, मला काय सोसेल ते."

मी म्हटले, चुकलो.

"आठ पत्रं, नाना. मी ती उशीखाली ठेवायची. आईचा आशीर्वाद वाचून झोपायची. ती नव्हतीच." मग पाकीट ठेवून, "मी तिच्यासाठी धड रडलेसुद्धा नाही. परत आले तर तुम्ही सगळे रडून मोकळे झालेले होतात. मी एकटीने कुठे रडायचं?"

चकल्या करपल्या. त्या तिने निमूट काढल्या, दुसरा घाणा टाकला. उद्या स्वतःच जाऊन टाकते म्हणाली.

१ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंग. कु.ने माझ्या पाठीला तेल लावले, रीत म्हणून. आजपासून मध्यभारत संपला, नवे राज्य. बाहेर कुठेतरी बँड. मिरज संस्थान विलीन झाले तेव्हाही असाच बँड वाजला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत घंटा तीच, पोरे तीच.

दुपारी साडेतीनच्या सुमारास कु.ने चपला घातल्या. हातात पाकीट. कडी काढली, दार उघडले, आणि जागच्या जागी थांबली.

उंबऱ्याबाहेर काकीसाहेब. मागे त्यांची सून, तिच्या हातात रुमालाने झाकलेले ताट. काकीसाहेबांचा हात वर, कडी वाजवायला उचललेला.

मी लगबगीने पुढे झालो. त्याच बोलू लागल्या. वर्षभर जिचा तोरा मोजत होतो त्या बाईचा आवाज एवढा मऊ असेल असे वाटले नव्हते.

"मास्तरसाहेब, नाराज नका होऊ. गेल्या दिवाळीला आलात तुम्ही लोक, तेव्हापासून बघून राहिलोय. दार बंद. गुढी नाही. घरात गणपती नाही. पोरीच्या कपाळाला कुंकू नाही. आम्ही समजून गेलो, ताजी गमी आहे घरात. दुःखाच्या घरी सणाला कसं यायचं? दसऱ्याला माझ्याच्याने राहवेना, निघालेच होते. मग म्हटलं, नको, साल पुरं होऊ दे."

रुमाल काढला. दुखवट्याचा अहेर. माझ्यासाठी काळी टोपी, टोपी बाजारातली, तांबड्या अस्तराची. कु.साठी साडी, हिरवी.

"हा सोयऱ्यांनी करायचा असतो, मला ठाऊक आहे. पण तुमचे सोयरे दक्षिणेत राहिले. इथे कोण करणार? मग गल्लीनंच करायचा न."

मी सांगणार होतो. की गुढी होती, मागच्या अंगणात. गणपती मिरजेला असतो. गमी तशी जुनी, अडीच वर्षांपूर्वीची. सगळे तोंडाशी आले. काकीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. कु.च्या हनुवटीला हात लावून विचारले, "आई होती न, पोरी?"

कु. माझ्याकडे वळली. वाटले, आता खरे सांगणार, आणि त्या बिचाऱ्या ताट घेऊन परत जाणार.

"हो," म्हणाली. "आई." आणि तिचा चेहरा असा मोडला, जसा लहानपणी गुडघा फुटल्यावर मोडायचा, आधी ओठ, मग सगळे.

काकीसाहेबांनी साडी पुढे केली. असली साडी दोन्ही हातांनी घ्यायची असते. कु.च्या एका हातात पाकीट. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि ते माझ्या हातात दिले.

आत येऊन हे लिहितो आहे. टोपी घालून पाहिली, किंचित सैल. बाहेरच्या खोलीतून कु.च्या रडण्याचा आवाज येतो आहे आणि त्यावर काकीसाहेबांचा, "रडून घे, रडून घे." दार सताड उघडे. गल्लीतली आणखी कोणी कोणी आलेली दिसतात, चपला काढल्याचे आवाज.

टपालाची पेटी साडेचारला उघडतात. सव्वाचार झाले. पाकीट इथे वहीवर आहे. कु.ने ते अजून मागितलेले नाही.