ड्रमातला करंट

९ एप्रिल १९६७, रविवार
दादाला करंट बसला. मी मटणाला धुरी द्यायला बनवलेल्या विजेच्या ड्रममध्ये मटण टांगत होता, पत्र्याला हात लागला अन् मागे फेकला गेला. उजवा हात कोपरापर्यंत बधिर. मटणाचं दुकान त्याच हातावर चालतं. वहिनी ओरडली, "फेका तो डबा! फौजेत हेच शिकून आले काय भाऊजी?"


१० एप्रिल
दादाला बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. नस दुखावली म्हणे. ताकद येईल हळूहळू. कधी, सांगता येत नाही. गावी, देऊळघाटला, परत येताना बसमध्ये दादा खिडकीबाहेरच पाहत होता.

११ एप्रिल
आसामात पलटणीच्या स्वयंपाकघरात होतो. तिथले लोक धुरात सुकवलेलं मांस कितीतरी दिवस ठेवत. इथं उन्हाळ्यात उरलेलं मटण संध्याकाळी नासतं. जाळ करावा तर बायकोला, सुशीलेला, दमा. म्हणून हा खटाटोप: तेलाचा ड्रम, तळाशी विजेच्या शेगडीची कॉइल, तिच्यावर तव्यात बाभळीचा भुसा. जाळ नाही, धूरही बेताचा. डोक्यात सगळं बरोबर होतं.
आज रिकामा चालवला. लाकडी पाटावर उभा राहून टेस्टर लावला. पेटत नाही. सगळे जोड उघडून पाहिले. पत्र्याला तार कुठंच टेकत नाही. मग परवा करंट आला कुठून?

१२ एप्रिल
दुकानावर मी. दादा बाजूला बसून. "हाडावर काऊन मारतं बे, सांध्यातून काप." दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली. दादाने मान खाली घातली.

१३ एप्रिल
परसात खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं, ड्रमला अर्थिंग दिलं. पुन्हा रिकामा चालवला. ठीक. तरी धीर होत नाही.
सुशीला एवढंच म्हणाली, "तुमाले काई झालं म्हंजे?" जेवलो नाही.

१५ एप्रिल
करंट येतो का ते दिसावं म्हणून आज अर्थिंगची तार मुद्दाम सोडवली अन् मीठ लावलेलं मटण टांगलं. टेस्टर पेटला! रिकामा असला की नाही, मटण असलं की करंट. का?
सुशीला दारातून, नाकाला पदर लावून: "आतमदी चर्र चर्र वाजून राह्यलं. आयका ना."
बटन बंद केलं, वाकून पाहिलं. मटणाचं खारं पाणी तव्याच्या कडेनं थेट तारेच्या जोडावर टपकत होतं. ओल तिथून पत्र्यापर्यंत. एवढंच. एवढ्यासाठी दादाचा हात...

१६ एप्रिल
मटणाखाली तिरपा पत्रा बसवला, पाणी बाहेर डब्यात. जोड ड्रमच्या बाहेर काढला. दादाला सांगायला गेलो. वहिनीने दार अर्धंच उघडलं. "झोपले हाये." आतून खोकल्याचा आवाज आला, दादाचाच.

१७ एप्रिल
मटण टांगून दिवसभर चालवला. टेस्टर विझलेला. अर्थिंग पुन्हा जोडलं. मग उलटा हात लावून पाहिला. सुशीलेने डोळे मिटले होते. काही झालं नाही. मटण तांबूस-काळं, वास झकास.

२१ एप्रिल
टांगलेलं अजून नासलं नाही. काल शिजवून आधी मी एकट्याने खाल्लं. पोट ठीक.
आज दादा आपणहून आला. ड्रमपासून लांबच थांबला.
"बटन बंद हाय ना?"
"वायरच काढली, दादा."
डाव्या हाताने तुकडा घेतला. बराच वेळ चावत राहिला. "मीठ जास्त झालं." उजव्या हाताची बोटं मिटू पाहत होता, अंगठा तेवढा हलला. वहिनीने हाक मारली तसा निघाला. फाटकाशी म्हणाला, "पाहू, पुढच्या रविवारी."
ड्रम पुन्हा चालवायचं म्हणाला की हाताने सुरा धरायचं, कळलं नाही.