तालमीतली पेशंट

प्रिय आईस,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

उद्या आमच्या अपघात विभागाची मान्यतेसाठी तपासणी आहे. तपासनीसांसमोर नर्सचं पथक सांभाळणार आहे आमची चिमणी, म्हणजे माझ्यानंतर लागलेली ती नवी नर्स. तिला सलाईन लावायला शिकवलं कोणी? मी! मोठे डॉक्टर म्हणाले, "तिचा आवाज शांत आहे." माझा काय फाटका आहे?

आज रंगीत तालीम झाली. त्यात जखमी पेशंट कोणाला केलं असेल? मलाच. मानेला पट्टा बांधून स्ट्रेचरवर आडवी पडले आणि म्हटलं, आता बघू हिची फजिती. पण आई, तिने प्रत्येकाला नाव घेऊन काम सांगितलं. कुठे आरडाओरडा नाही, गडबड नाही. मग माझ्यावर वाकून म्हणाली, "ताई, घाबरू नका, मी आहे ना."

तिचं काहीच चुकलं नाही, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, पट्टा रुततोय. तालीम थांबवून तिने तो सैल केला, माझे डोळे पुसले. मला त्याचाही राग आला. तरी तिचा हात मी सोडला नाही.

बाबांना सांग, तपासणी छान होईल. हे मात्र अगदी खरं लिहिते आहे.

तुझीच,
धाकटी