नानांच्या लेन्सवरच्या खाचा

नाशिक,
६ ऑक्टोबर २०२५

चि. मयूर यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पूजाची पाठ आता बरी असेल. सृष्टीला दिवाळीची सुट्टी कधी लागते ते कळव. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हां ताई, नंतर बोलतो" म्हणून ठेवून देतोस, आणि मला मध्येच रडू आलं तर पुढचं बोलता येणार नाही. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

नाना गेल्यापासून पडून असलेले त्यांचे दोन्ही कॅमेरे विकले. लेन्सही त्यांच्याबरोबर गेल्या. कपाटात बुरशी लागण्यापेक्षा कुणीतरी वापरेल म्हणून तूच मागे लागला होतास, तुझ्याच जाहिरातीवरून पुण्याचे एक गृहस्थ आले. मी आदल्या दिवशी दिंडोरीला आईकडे गेले. स्कूटीवर नाही, एसटीने. त्याचं पुढे सांगते.

गृहस्थ भलतेच हौशी. पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले, तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "आपरेशन करतो का काय?" त्यांनी लेन्स उजेडाकडे धरून पाहिल्या, शटर कानाशी नेऊन ऐकलं, सगळं पसंत पडलं. मग लेन्सच्या रिंगवरून बोट फिरवताना एकदम थांबले. "ताई, या खाचा कुणी पाडल्या?"

मी वाकून पाहिलं. रिंगच्या कडेला एक खाच, थोडं पुढे दोन, त्यापुढे तीन. दोन्ही लेन्सवर तशाच. ज्या माणसाने आपल्याला जन्मात त्या कॅमेऱ्यांना बोट लावू दिलं नाही, त्याच्या लेन्सवर कानस? मी तुझंच नाव घेणार होते.

आई उंबऱ्यात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्या पाडल्या. त्यांनीच सांगितलं व्हतं."

तुला आठवत असेल, त्या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसतच नाही. बाजूच्या खिडकीतून बघायचं. तिथे माणूस दोनदा दिसतो, आणि रिंग फिरवून त्या दोघांचा एक झाला की फोटो स्वच्छ येणार.

"त्यांना ते दोनाचं एक झालेलं दिसत नव्हतं," आई म्हणाली. "नळीतून बघितल्यावानी व्हायचं, बाजूचं काय बी नाय. मांडवात तर लयच हाल. अन् दिवस कलला की समदं काळं. मग म्या नवरीचा पदर सारखा कराया जायची, येताना पावलं मोजून अंतर धरायची आन् त्यांच्या पाठीवर बोटं टेकवायची. जेवढी बोटं, तेवढ्या खाचांवर ते रिंग लावायचे."

मयूर, नाना फोटो काढायला जात त्या प्रत्येक लग्नाला आईही जायची म्हणून आपण तिला चिडवायचो. जिलेबीसाठी जाते म्हणायचो!

आणि गोरज मुहूर्त? संध्याकाळचं लग्न नाना कधी घेत नसत. "त्या उजेडात फोटो काढणं म्हणजे कलेचा अपमान," असं म्हणायचे, आणि आपण नानांचं तत्त्व म्हणून ते गावभर सांगत फिरलो. माझ्या लग्नाला गोरज मुहूर्त निघाला, तर व्याह्यांशी कडकडून भांडून दुपारचा करून घेतला. सासूबाईंनी ते अजून विसरलेलं नाही. माणूस रोज संध्याकाळी आंधळा होत होता, आणि एका घरात राहून आपल्याला पत्ता नाही. मी जाऊन आईच्या पुढ्यात बसले.

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुझं लगीन जमलं असतं का, घरात डोळ्याचं हाय म्हणल्यावर? तुझ्या आज्याचं बी तसंच व्हतं. लोक म्हणायचे, पिऊन अडखळतो."

आज्याचंही. हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. "म्हणजे पिढीजात आहे? आणि तुला ठाऊक होतं?"

"व्हतं," आई म्हणाली. "रोज देवाला सांगायची, माझ्या लेकरांना देऊ नको."

मी तिच्यावर ओरडले. परक्या माणसासमोर, आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी ओरडले. ती उठली, कॅमेरे आणि लेन्स स्वतःच्या हाताने त्यांच्या पिशवीत भरले आणि म्हणाली, "न्या भाऊ. मला घरात नको." ते बिचारे खाचांसकट घेऊन गेले.

आता स्कूटीचं. ती पावसाळ्यापासून बंद आहे. एका उभ्या हातगाडीला मी जाऊन धडकले. नंतर जिन्यात पडले. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं मी म्हणत राहिले आणि तुझे दाजी मान हलवत राहिले. दिंडोरीहून आल्यावर मात्र सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

नानांचं होतं तेच मला आहे, मयूर. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेकडेने कमी होत येतं. माझ्या आजारावर सध्या औषध नाही म्हणाले. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

उठताना डॉक्टरांनी विचारलं, "भावंडं किती?" एक भाऊ आहे, सुरतेला असतो, मी म्हणाले. "रात्री गाडी चालवतो का?"

मागच्या दिवाळीला सापुताऱ्याच्या घाटात तू गाडी कठड्याला घासलीस. समोरच्याचे दिवे डोळ्यांवर आले म्हणालास. पूजा आणि सृष्टी मागे झोपलेल्या होत्या. आपण त्यावर हसलो होतो.

डोळे तपासून घे. आधी तुझे, मग सृष्टीचे. तिच्या लग्नाचं बघू पुढे, त्यापायी कुणापासून काही लपवू नकोस. आईवर रागावू नकोस असं मी सांगणार नाही, मला अजून ते जमलेलं नाही. पण मी तिच्यासारखी गप्प बसणार नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल.

या दिवाळीला गाडी घरीच ठेव. तिघं बसने या, आणि उजेड आहे तोवर पोचा.

तुझी घाबरलेली,
सुवर्णाताई