कासवाची जीभ

प्रिय छोट्या,

सर्वप्रथम एका घोर अन्यायाची नोंद घ्यावी. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीचा डावा हात तीन आठवडे बेपत्ता आहे. देखभालवाला 'दोन मिनिटांत आणतो' म्हणून तो उचकटून घेऊन गेला. तो स्वतः, खुर्चीचा हात आणि ती दोन मिनिटं, तिन्हींचा पत्ता नाही. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की नोंदीप्रमाणे खुर्ची पूर्ण आहे. तेव्हापासून माझं डावं कोपर अधांतरी, आणि उजव्या हाताने मी राक्षस काढतोय. बाबांना जाऊन महिना झाला, आणि मला दुखतं ते एवढंच. कोपर.

तू लोकांची बंद घड्याळं चालू करून देतोस आणि मी त्यांचा वेळ खाणारे गेम बनवतो, म्हणजे घराण्याचा जमाखर्च बरोबर. नव्या गेममध्ये तळ्याच्या बुडाशी एक राक्षस हवा होता. मी बाबा नोकरीत सांभाळायचे ते कासव काढलं. तेच, प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या खोलीतलं, सिमेंटच्या हौदातलं. पाठीवर काट्यांच्या तीन रांगा, अंगावर शेवाळ, डोकं इतकं मोठं की कवचात मावत नाही. आमच्या साहेबांना ते फार गरीब वाटलं, म्हणून आता ते आग ओकतं. पाण्याखाली. कसं, ते विचारू नकोस, मीही विचारलं नाही. पण जीभ मी बदलू दिली नाही. आमचा राक्षस तोंड वासून दगडासारखा पडून राहतो, जिभेच्या टोकाशी एक गुलाबी वळवळ. खेळणाऱ्याला वाटतं काहीतरी मौल्यवान चमकतंय. तो हात घालतो.

गेम तपासणारी मुलगी यावर इतकी खूश झाली की खास माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, आग-बिग सगळे दाखवतात, पण हे नीच आहे, सुचलं कसं तुम्हाला? मी म्हटलं, कुठेतरी वाचलं होतं. ती गेल्यावर लक्षात आलं की या बाबतीत माझं हे तिसरं खोटं, आणि पहिल्या दोन्हींइतकंच सहज निघालं.

त्याच दुपारी बाबांच्या खोक्यातल्या वह्या उघडल्या. तुला पाठवायच्या म्हणून चाळत होतो. वह्या कसल्या, रोज एक ओळ. 'पाणी बदललं. दोन मासे. हालचाल नाही.' वर्षानुवर्षं हेच. आपल्याबद्दल त्यांनी कधी एवढं लिहिलं असतं, तर आपणही गुटगुटीत झालो असतो. मग तो रविवार आला. मी दहाचा, तू सहाचा. बाबा गाळणी धुवायला बाहेर गेले होते.

तुला किती आठवतं, मला माहीत नाही. मला सगळं आठवतं. मी तुला म्हटलं, "त्याच्या तोंडात गांडूळ अडकलंय. काढ, बाबा खूश होतील." तू बाही वर केलीस. पाणी उथळ होतं. नंतर दवाखान्याच्या बाकावर, बाबा डॉक्टरांशी बोलत असताना, मी तुझ्या कानात कुजबुजलो की सांगितलं नाहीस तर माझं भिंग तुला. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्याने आपणहून हात घातला. तू गप्प राहिलास. बोटाचं एक पेर गेलं, तुला घरभर 'आगाऊ' हे नाव पडलं, आणि मागची खोली तुला कायमची बंद झाली. मी मात्र पुढची आठ वर्षं दर रविवारी जात राहिलो, हौदाच्या कडेला बसून ते कासव काढत. माझा हात तिथे बसला. आज जे काही कमावतो, ते त्या हौदावर.

आता पत्राचं कारण. गांडूळ नव्हतं ते, जीभ होती, आणि मला ते माहीत होतं. आदल्याच रविवारी बाबांनी मला एकट्याला समजावून सांगितलं होतं. तुला चावतं का, एवढंच मला पाहायचं होतं. आणि वहीत त्या दिवशी लिहिलंय: 'धाकट्याचं बोट. जनावराची चूक नाही. थोरल्याला जिभेचं माहीत होतं. तो सांगेल. वाट पाहतो.' दुसऱ्या दिवशी: 'पाणी बदललं. थोरला बोलला नाही.' असं नऊ दिवस. दहाव्या दिवसापासून फक्त पाणी आणि मासे. तुला का शिक्षा केली, ते लिहिलेलं नाही. वाचून मला रडू वगैरे आलं नाही. वही मिटली, चहा घेतला, राक्षसाच्या शेपटीचं काम उरलं होतं ते संपवलं. ज्यांना सांगायचं होतं ते थांबून थांबून गेले. तू आहेस, म्हणून तुला सांगतोय. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. वह्यांबरोबर ते भिंग पाठवलंय, तेव्हा कबूल करून दिलंच नव्हतं ते. तुझ्या दुकानात याहून चांगली असतील, पण हे तुझं आहे. काच पुसली आहे. मुठीजवळ एक चरा दिसेल, तो माझा.

तुझाच,
दादा