मागच्या गेटाने

नायगाव, मुंबई
१२ नोव्हेंबर २०१८

ती. आजोबांस,
प्रणितचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून आईने पोस्टाचं पाकीट आणून हातात दिलं. शेवटचं पत्र मी शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं, तेव्हा सांभाळून घ्या.

बातमी चांगली आहे. कोर्टात शिपायाची कायम जागा मिळाली. तीन डिसेंबरला हजर व्हायचंय, नाहीतर यादीतल्या पुढच्याला घेतील. साहेब म्हणाले, आवाज खणखणीत आहे, पुकाऱ्याला तूच उभा राहा. बाबा चाळभर पेढे वाटून आले.

रॅप सोडतोय. परवा एका गाण्यांच्या कंपनीचा फोन आला होता, सहा महिने त्यांच्याबरोबर शहरोशहरी कार्यक्रम, पुढचं पुढे. त्यांना नकार कळवणार आहे. चार वर्षं दिवसा कुरिअर आणि संध्याकाळी लालबागला रेकॉर्डिंग करून दमलो, खरंच. पण ते कारण नाही. तुम्ही आणि बाबांनी एवढे हाल काढले, तुमच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं.

खोकल्याचं औषध चुकवू नका. नातवावरचा लोभ आटू देऊ नका.

तुमचा,
प्रणित


देवगड
२० नोव्हेंबर २०१८

चि. प्रणितास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण लागलं सगळं. खोकला बरा आहे.

तुझं गाणं मी पाहिलं. शेजारची कालिंदी, म्हाताऱ्याला कुठे ऐकू येतंय म्हणून, माझ्यासमोरच फोनवर बघत बसली होती. अरे, मिलच्या साचाखात्यात, मागांवर, बावीस वर्षं काढली मी. कान गेले ते तिथेच, आणि त्या धडधडाटात आम्ही बोलायचो ते एकमेकांचे ओठ वाचूनच. तू भलताच भरभर बोलतोस. तिला पाच वेळा लावायला सांगितलं.

संपात आजोबा मागच्या गेटाने कामावर गेला, हे तू जगाला सांगितलंस. तुझ्या आजीनेच वारण्यापूर्वी तुला सांगितलं असणार. राग आला, दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तू म्हणतोस, पोरं उपाशी होती म्हणून गेला. तसं नव्हतं रे. तुझी आजी खाणावळ चालवत होती, घरात दोन वेळचा भात होता. मी थकलो होतो. दहा महिने गेटावर बसून, घोषणा देऊन, रिकाम्या हाताने घरी येऊन थकलो, म्हणून गेलो. सोबत्यांना मात्र पोरांचं नाव सांगितलं. तुझ्या बापाला आजही वाटतं, आपल्या भुकेपायी बापाला मान खाली घालावी लागली. छत्तीस वर्षं मी त्याला तसंच वाटू दिलं.

आता तू आमचं नाव पुढे करतोयस. दमला असशील तर खुशाल नोकरी धर, त्यात लाज कसली. अजून दम असेल तर त्या कंपनीला हो कळव, बापाला मी समजावतो. पण आमच्यासाठी म्हणून नोकरीला जाऊ नकोस. आपल्या थकव्याचं खापर मी एका पोराच्या माथी फोडलं, तेवढं पुरे.

हे पत्र तुझ्या बापाला वाचायला दे. तोंडाने सांगणं मला जमलं नाही. गाणं काढून टाकू नकोस.

सर्वांना आशीर्वाद. म्हाताऱ्यावर राग धरू नका.

तुझा आजोबा,
धोंडू परब

ता. क. माईक तोंडापासून जरा खाली धरत जा. शेवटच्या दोन ओळी मला दिसल्या नाहीत. तेवढ्या लिहून पाठव.