शंभर घमेली

प्रिय धाकट्या,

तुझ्या पाणी कार्यालयाचं पत्र मिळालं. सख्ख्या बहिणीला ‘महोदया’ म्हणालास, वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. दोन वर्षांनी तुझं पत्र यावं, तेही शिक्क्याचं! तळं गाळाने भरलंय, गाळ काढायला माणसं नाहीत, म्हणून ते बुजवायला गल्लीची कारभारीण या नात्याने मी सही करायची. सही अजून केलेली नाही. माझी लाँड्री त्या पाण्यावर चालते हे आहेच, पण कारण वेगळं आहे.

गल्लीचा नियम विसरलास का रे? ज्या दोन माणसांचं भांडण होईल, त्यांनी मिळून तळ्यातून शंभर घमेली गाळ काढायचा. एकाने भरायचं, दुसऱ्याने वाहायचं. बाबा आणि सुतारकाका कुंपणावरून वर्षातून चारदा तरी भांडायचे, आणि चाळिसाव्या घमेल्यापर्यंत चूक कुणाची हे दोघंही विसरलेले असायचे. आपली माणसं अशी कडाकडा भांडणारी, म्हणून तर तळ्याचा तळ दिसायचा. पाणी जपा असं भाषण कुणी कधी दिलं नाही.

मग तुम्ही तक्रारीची खिडकी उघडलीत. आता कुणी भांडत नाही, अर्ज देतात. शेजारणीची पन्हळ माझ्या अंगणात गळते, हे तिला सोडून मी तुमच्या खिडकीला सांगितलं, मीही शहाणीच! गल्ली शांत झाली आणि गुडघाभर गाळ साचला. पत्रासोबतच्या तुमच्या नकाशात गाळ किती ते बरोबर आहे, तो का साचला ते नाही.

गेल्या महिन्यात मी सरळ शेजारणीकडे गेले आणि तिच्यावर तोंडसुख घेतलं. तिनेही कसर ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी तळ्यात उतरलो. तेव्हापासून सात जोड्या झाल्या. सुतारकाका तर जुनी भांडणं उकरून काढताहेत. एका कोपऱ्यात तळाचा दगड दिसायला लागलाय.

आता मनातलं सांगते. दोन वर्षांपूर्वी तळं बुजवायचा हाच आराखडा घेऊन तू आलास, तेव्हा भर गल्लीत मी तुला नाही नाही ते बोलले आणि दार लावून घेतलं. तूही काही कमी बोलला नाहीस. गल्लीतलं सगळ्यात मोठं भांडण आपलं, आणि त्याची शंभर घमेली अजून तळ्यातच आहेत. तुझी फार आठवण येते रे. रविवारी सकाळी ये. बाबांचं फावडं घासून ठेवलंय; तू भर, मी वाहते. शंभर झाल्यावरही सही हवीशी वाटली, तर कागद पुढे कर. मी करीन.

तुझीच, महोदया नव्हे,
ताई